भाऊजींना ओळखू न आलेला आवाज

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, नकलाकार होते. नाटक-सिनेमातले नव्हेत, कंपन्यांच्या कार्यक्रमांतले. वार्षिक संमेलन, विक्रेत्यांचा मेळावा, कुणा मोठ्या साहेबाची निवृत्ती. पहिल्या रांगेतले साहेब मोबाइलमध्ये मान घालून बसलेले, बाकीच्यांचं सगळं लक्ष जेवणाकडे, अशा माणसांना चाळीस मिनिटं हसवायचं हे त्यांचं काम. माईक, स्पीकर आणि वायरींचा गुंता सांभाळणं माझ्याकडे. एकोणीस वर्षं आम्ही मेहुणे-मेहुणे जोडीनं हा धंदा केला.

त्याआधी भाऊजी विम्याच्या कचेरीत कारकून होते. तिथल्या साहेबांच्या निरोपसमारंभात त्यांनी साहेबांचीच नक्कल केली. नकार द्यायच्या आधी साहेब चष्मा काढून पुसायचे आणि "बघू या हं" म्हणायचे, एवढंच. पण साहेबांना हसून हसून ठसका लागला. त्यांनी दोन मित्रांच्या कंपन्यांत भाऊजींचं नाव सुचवलं आणि वर्षाच्या आत भाऊजींनी नोकरीला रामराम ठोकला. ताई सहा महिने त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. पुढे एका छापखानेवाल्यानं जाहिरातीत त्यांचं नाव टाकायचं विसरून नुसतं 'हुबेहूब!' असं छापलं आणि तेच नाव पडलं. कंपन्यांमधून फोन यायचे, "हुबेहूब आहेत का घरी?"

नट आणि पुढारी ते करायचेच, पण म्हणायचे, "ते तर गल्लीतलं कुणीही करतं." त्यांची खरी मागणी होती 'घरची मंडळी'साठी. त्याच कंपनीतली चार-पाच माणसं ते वीस मिनिटं उभी करायचे. विक्रीचे साहेब, गेटवरचा पहारेकरी, उसनं पेन परत न देणारा हिशेबनीस. लोक खुर्चीवरून पडायचे बाकी राहायचे.

त्यासाठी आम्ही आदल्या दिवशी कंपनीत जायचो. एचआरची माणसं आमची ओळख करून द्यायची, "हे उद्याचे साउंडवाले." मी साउंडवाला होतोच, त्यामुळे निम्मं खरं होतं. कँटीनमध्ये चहा घेत भाऊजी एकेकाशी गप्पा मारायचे. त्यांना चेहरे मुळीच लक्षात राहत नसत, शेजाऱ्याला रस्त्यात ओळखायचे नाहीत. आवाज मात्र एकदा कानात शिरला की शिरला. समोरचा खुलायचा, कारण भाऊजी ऐकायचे फार मनापासून. माणसाला आयुष्यात तसं ऐकणारे किती जण भेटतात? आपण उद्या स्टेजवर जाणार आहोत याची त्या बिचाऱ्यांना कल्पना नसायची.

पाण्याचे पंप बनवणाऱ्या एका कंपनीत अशाच एक बाई भेटल्या. डिस्पॅचमध्ये होत्या. तयार माल गाडीत चढवणं, चलन फाडणं, गाडी सुटली की ज्याचा माल त्याला कळवणं, अशी कामं. वय पस्तिशीचं. त्या बोलायला लागल्या की आवाज पायऱ्या चढल्यासारखा वर वर जायचा, टोकाला जरासा चिरकायचा आणि शेवटचे शब्द दोनदा यायचे. "गाडी गेली की, गेली की!" "चलन दिलं की, दिलं की!" एचआरनं दिलेल्या यादीत त्या नव्हत्या. पण भाऊजींनी चहाचा कप खाली ठेवला तेव्हाच मला कळलं, यांना सापडलं.

"असं दोनदा का हो सांगता?" भाऊजींनी अगदी हळुवारपणे विचारलं.

बाई हसल्या. "माझ्या आईला ऐकू कमी यायचं. लहानपणापासून तिच्याशी असंच बोलायची सवय. पहिल्यांदा सांगायचं ते तिनं माझ्याकडे बघावं म्हणून, दुसऱ्यांदा सांगायचं ते तिला कळावं म्हणून."

"आता कशा आहेत आई?"

"गेली. चार महिने झाले." मग म्हणाल्या, "अजून घरी गेले की दारातून ओरडते, आले की, आले की! आतून नेहमीसारखं 'कोण गं? काय म्हणालीस?' येईल असं वाटतं. मग आठवतं."

परतताना बसमध्ये भाऊजी ओठांतल्या ओठांत पुटपुटत होते. आवाज लागला होता. मी म्हटलं, "भाऊजी, त्यांची आई गेलीय."

"गेली असं मी कुठं सांगतोय? माझ्या स्टेजवर ती जिवंतच आहे."

मला ते पटलं. म्हणजे, मी पटवून घेतलं.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये पाचशे माणसं होती. पहारेकरी झाला, विक्रीचे साहेब झाले आणि मग भाऊजींनी डिस्पॅचच्या बाई काढल्या. पहिल्याच "गेली की, गेली की"ला हॉल कोसळला. गोदामातली पोरं टेबलं बडवायला लागली. भाऊजींनी मग बाईंना घरी नेलं. दारातून हाक, "आले की, आले की!" आणि आतून म्हातारीचा जाड, संशयी आवाज, "कोण गं? काय म्हणालीस?" पुन्हा हाक, पुन्हा प्रश्न. पाच मिनिटं मायलेकींचं ते चाललं होतं. हशा इतका होता की पुढचं वाक्य ऐकू जाईना, म्हणून मी भाऊजींचा आवाज वाढवला. बटण माझ्या बोटाखाली होतं. बाई पाचव्या टेबलावर होत्या. सगळा हॉल वळून त्यांच्याकडे बघत होता आणि त्या तोंडावर हात धरून हसत होत्या. मी तरी तसंच समजलो.

पुढच्या वर्षी त्याच कंपनीचं बोलावणं आलं. एचआरवाल्या साहेबांनी फोनवर आधीच बजावलं, "डिस्पॅचच्या मावशी हव्यातच."

मी विचारलं, "बाई बऱ्या आहेत ना?"

"त्या सोडून गेल्या. जरा मनाला लावून घेणाऱ्या होत्या. पण तुम्ही आयटम ठेवा, लोक वर्षभर तोच करतायत."

आम्ही ठेवला. मग तो दुसऱ्या कंपन्यांतही करायला लागलो. बाईंचा संबंध सुटला आणि 'डिस्पॅचच्या मावशी' हे पात्र उरलं. भाऊजींचं घर त्या पात्रानं उभं केलं म्हटलं तरी चालेल. मी आणि आई ताईकडेच राहायचो, त्या आमच्या घरात तर ती भाषाच झाली. ताई पानं वाढून हाक मारायची, "वाढलं की, वाढलं की!" भाची परीक्षेचा निकाल सांगायची, "पास की, पास की!" पाहुणे आले की फर्माईश ठरलेली.

अशी अकरा वर्षं गेली. तोवर माझ्या आईला ऐकू येईनासं झालं. दारावरची बेल कळेना, टीव्हीचा आवाज तिसऱ्या घरापर्यंत जायला लागला. शेवटी मी आणि भाऊजी तिला कानाच्या मशीनच्या केंद्रात घेऊन गेलो. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. एका खोलीच्या भिंतींना राखाडी फोम लावलेला, तिथे तपासणी. बाहेरच्या खोलीत टेबल, आरसा आणि काचेच्या कपाटात मांडलेले गुलाबी रबराचे कान. तिथं काम करणाऱ्या बाई पिकल्या केसांच्या, चष्मा लावलेल्या. बोलायच्या हळू, एकाच पट्टीत, प्रत्येक शब्द सुटा. आईशी त्या इतक्या धीरानं वागत होत्या की मला माझीच लाज वाटली. मी घरी तिच्यावर खेकसायचो.

आईच्या कानाचं माप झालं. नमुन्याचं मशीन तिच्या कानात बसवून बाई म्हणाल्या, "आता दोन मिनिटं आजूबाजूचं ऐका." मग भाऊजींकडे वळून तितक्याच शांतपणे त्यांनी विचारलं, "तुम्ही नकला करता ना?"

भाऊजींची कळी खुलली. "अरे वा! कुठं पाहिलंत?"

"पंपाच्या कंपनीत."

"मग आमच्या मावशी ऐकल्या असतील!" आणि कुणी सांगायच्या आत, त्या खोलीत, बाईंच्या समोर उभं राहून भाऊजींनी आवाज लावला, "गाडी गेली की, गेली की!"

आई खुदकन हसली. "अगं बाई, हे मला स्वच्छ ऐकू आलं!" म्हणाली. "पुन्हा करा बरं!"

बाई आईकडे बघून किंचित हसल्या, मग भाऊजींना म्हणाल्या, "ती मीच."

भाऊजींना आधी कळलंच नाही. ते हसत होते, तसेच हसत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली फरशीकडे बघत होतो.

"नाही," भाऊजी म्हणाले. "तुमचा आवाज... मी आवाज विसरत नाही हो."

"तुमच्या कानालासुद्धा ओळखू आला नाही, म्हणजे मला जमलं." हे बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. वर्गात पहिला नंबर आल्याचं माणूस संकोचून सांगतं, तसं काहीतरी होतं. "दीड वर्ष लागलं. भिंतीसमोर बसून पेपर वाचायचा, आवाज वर न नेता. शेवटचा शब्द एकदाच."

भाऊजी काहीतरी बोलायचं म्हणून बोलले, "पण तेव्हा तुम्हीपण हसत होतात."

"मग काय करणार होते? पाचशे माणसं वळून बघत होती."

आईला यातलं काय ऐकू गेलं कोण जाणे. ती आरशात कान बघत होती. बाई टेबलावरची, मशीनला लावायची रबरी टोकं डबीत भरत बोलत राहिल्या.

"दुसऱ्या दिवसापासून फोन उचलला की पलीकडून माझाच आवाज यायचा. गोदामातली मुलं, ड्रायव्हर, अकाउंट्सच्या बायका. मॅनेजरांनी एकदा लाउडस्पीकरवरून केला. वाईट कुणीच नव्हतं हो, सगळे प्रेमानंच करायचे. मी तोंड उघडायची थांबले. आणि ज्या बाईला गाडी गेली हे फोनवर सांगता येत नाही, तिचा डिस्पॅचमध्ये काय उपयोग?"

"मला हे माहीतच नव्हतं," भाऊजी म्हणाले.

"नोकरीचं एवढं नाही वाटलं." बाईंनी डबीचं झाकण लावलं. "तुम्ही माझ्या आईला कधी ऐकलं नव्हतं. ती काय म्हणायची, तेवढंच मी सांगितलं होतं. तरी तुम्ही काढलेली अगदी तशीच होती, तोच घोगरा आवाज. चार महिन्यांनी मी आईला पुन्हा ऐकलं, तर आजूबाजूला लोक टेबलं बडवत होते."

भाऊजी खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले. मग म्हणाले, स्टेजवरून जाहीर माफी मागतो, त्या कंपनीत जाऊन सांगतो. बाईंनी मान हलवली.

"म्हणजे पुन्हा माझीच गोष्ट स्टेजवर. नको. फक्त आता करू नका."

"नाही करणार. शब्द देतो."

मशीन तयार व्हायला आठवडा लागणार होता. पावती माझ्या हातात देऊन त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

आम्ही घरी पोचलो. भाऊजी पुढं, मागून मी आईचा हात धरून. त्यांनी बेल वाजवली, तर ताईनं दार उघडता उघडता नेहमीसारखा सूर लावला, "आलात की, आलात की?"

भाऊजी उंबऱ्यातच थांबले. ताईच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच. ती म्हणाली, "काय झालं? मशीन नाही मिळालं?" भाऊजी तिच्या बाजूनं आत गेले आणि न्हाणीघराचं दार लावून घेतलं. स्वयंपाकघरात मी ताईला सगळं सांगितलं. तिनं गॅस बंद केला आणि ओट्याला टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "अकरा वर्षं मी पोरीला या आवाजात हाका मारतेय." त्या दिवसापासून आमच्या घरात ती बोली बंद झाली. चुकून कुणाच्या जिभेवर यायची, पण अर्धी गिळली जायची.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती बऱ्या तोंडानं सांगितली असती.

तीन आठवड्यांनी एका औषधकंपनीच्या विक्रेत्यांचा मेळावा होता, कबूल केलेला. भाऊजींनी मावशी वगळून कार्यक्रम बसवला. नट केले, पुढारी केले, अडकलेला प्रिंटर आणि बिघडलेली लिफ्ट केली. लोक बेताचं हसले. शेवटी भाऊजी नमस्कार करत होते, तेवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "मावशी!" मग दुसरं टेबल, मग तिसरं. टाळ्यांच्या तालावर सगळा हॉल मावशीला बोलवायला लागला. आयोजक स्टेजच्या कडेला येऊन हातानं खुणावत होता, करा, करा.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. माईक बंद करायचं बटण माझ्यापाशी होतं. वायर सुटली, काहीतरी बिघडलं, काय वाटेल ते सांगता आलं असतं. ते त्याचसाठी माझ्याकडे बघत होते, हे मला तेव्हाही कळत होतं. मी काहीच केलं नाही. म्हटलं, ते काय करतात ते बघू.

त्यांनी केलं. जेमतेम मिनिटभर. गाडी सोडली, चलन दिलं आणि म्हातारीचा घोगरा आवाजही काढला. हॉल डोक्यावर घेतला लोकांनी. भाऊजी खाली उतरले तेव्हा त्यांचा सदरा पाठीला चिकटला होता. आयोजक त्यांचा हात दाबत म्हणाला, "हे आधीच का नाही हो केलंत?"

वायरी गुंडाळताना मी म्हटलं, "लोकच ऐकेनात, त्याला तुम्ही काय करणार?"

"गप्प बस," भाऊजी म्हणाले. इतक्या वर्षांत ते मला असं कधी बोलले नव्हते. थोड्या वेळानं स्वतःशीच म्हणाले, "बाई त्या दिवशी म्हणाल्या ना, मला जमलं म्हणून. मला साधं गप्प बसायला जमलं नाही."

आईचं मशीन येऊन काही दिवस झाले होते. ते नीट बसवून घ्यायला पुन्हा केंद्रात जायचं होतं. भाऊजी म्हणाले, डोकं दुखतंय. मी एकटाच आईला घेऊन गेलो. बाईंनी मशीन पुसलं, आवाज कमी-जास्त करून पाहिला, आईला "आता?" "आता?" असं विचारत राहिल्या. निघताना त्यांनी मला विचारलं, "बंद केलं का त्यांनी?"

मी म्हणालो, "हो. त्याच दिवशी."

त्यांनी मान खाली घातली आणि म्हणाल्या, "बरं झालं." त्यांचे खांदे जरासे सैल झाले. ते मी पाहिलं.

घरी येऊन हे भाऊजींना सांगितलं. वाटलं होतं, त्यांना हलकं वाटेल. ते ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी दाढी करून, इस्त्रीचे कपडे घालून एकटेच केंद्रात गेले. काय झालं ते त्यांनी मला नंतर तुटक तुटक सांगितलं. माणसं बसली होती, म्हणून ते रांगेत बसले. पाळी आल्यावर म्हणाले, "तुम्हाला शब्द दिल्यावर मी पुन्हा केलं. एकदा. तुमच्या आईसकट. मेहुणा खोटं बोलला, मला वाचवायला."

बाईंनी हातातलं मशीन खाली ठेवलं. मग विचारलं, "लोक हसले?"

"हो."

"हसणारच." आणि मग, "मी तुम्हाला माफ केलं म्हटलं की तुम्ही मोकळे व्हाल. मला ते आज म्हणता येणार नाही. पुढं म्हणता येईल की नाही, ठाऊक नाही. पण सांगायला आलात ते ठीक केलंत." एवढं बोलून त्यांनी पुढचं नाव पुकारलं.

भाऊजींनी 'घरची मंडळी' कायमची सोडली. आयोजकांना स्वच्छ सांगायचे, नट-पुढारी करीन, यंत्रं करीन, तुमच्यातली माणसं करणार नाही. पहिल्या वर्षी निम्मी बोलावणी गेली, दुसऱ्या वर्षी उरलेली. "हुबेहूब आता थकले" असं लोकांनी आपसात ठरवून टाकलं. त्यावर भाऊजी कधी खुलासा करत बसले नाहीत. हल्ली ते बक्षीससमारंभांचं निवेदन करतात. यानंतर अमुक, त्यानंतर तमुक, पाहुण्यांनी कृपया मंचावर यावं. स्वतःच्या आवाजात. तो तसा साधाच आहे, किंचित नाकातला. पहिल्या कार्यक्रमात त्यांनी तोंड उघडलं आणि मी दचकून माईकच्या वायरी तपासल्या. एवढ्या वर्षांत माईकवरून तो आवाज मी ऐकलाच नव्हता. ताईशी ते बरे असतात. भाचीनं एकदा विचारलं, "बाबा, तुम्ही माझी नक्कल कधी केली नाहीत?" तर म्हणाले, "नाही, आणि करणारही नाही."

त्यांनी निदान जाऊन सांगितलं. माझं तसंच राहिलं. खोटं मी बोललो, ते उघडं मात्र त्यांनी पाडलं आणि बाईंसमोर उभं राहायची पाळी माझ्यावर पुन्हा आलीच नाही, कारण मी ती येऊ दिली नाही. आईला दर सहा महिन्यांनी तपासणीला न्यायचं काम मी ताईवर ढकललं. ताई सांगते, बाई आईची फार आपुलकीनं चौकशी करतात, माझ्याबद्दल एक शब्द विचारत नाहीत. मशीनची बॅटरी दहा-बारा दिवसांत संपते. केंद्र आमच्या घरापासून चार मिनिटांवर आहे. मी दुसऱ्या दुकानातून आणतो, जायला वीस मिनिटं लागतात. आई विचारते, "एवढा वेळ कुठं होतास रे?" तिला आता सगळं ऐकू येतं, म्हणून तिला उत्तर द्यावं लागतं. मी म्हणतो, गर्दी होती.